कांताची मांडणी

आमच्या लालबागच्या चाळीत कांताच्या मांडणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी शकू, तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण, पण मलासुद्धा तिने कधी एक वाटी खाली काढू दिली नाही. "तू ठेवशील भलतीकडे," म्हणायची. तिचे यजमान राजारामभाऊ गिरणीत होते. गिरणी बंद पडेपर्यंत दर दिवाळीच्या बोनसला ते स्टीलचं एक भांडं आणायचे, त्यावर कांताचं नाव घालून. मांडणीही त्यांनीच भिंतीला ठोकलेली. डबे, हंडे, पराती इतके, की मागची भिंत दिसायची नाही. कांता रोज ती भांडी फडक्याने पुसायची.

गेल्या श्रावणात राजारामभाऊंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय थोडे सावरले, वाचा मात्र गेली. कळायचं सगळं, शब्द तेवढा बाहेर पडत नव्हता. त्यांना तीन मजले उतरवून हॉस्पिटलात नेणार कसं? म्हणून मेघना मॅडम, बोलायला शिकवणाऱ्या, कॉम्प्युटरवरून शिकवायला तयार झाल्या. मोबाइलवरची बारीक चित्रं भाऊंना दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्या मुलीने, अपेक्षाने, बदलापूरहून आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. नेट माझं वापरा म्हटलं. नाहीतरी माझ्या घरात ते कोण एवढं वापरतंय!

पण त्या जुन्या खोक्याला हवेतलं नेट पकडताच येईना. मग अपेक्षाने बोटाच्या पेराएवढा वायफाय अडॅप्टर आणून मागे खोचला. तिने मला समजावलं ते असं: माझ्या घरातला राउटर जे पाठवतो ते हा एवढासा अडॅप्टर ऐकतो आणि कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटरचं म्हणणं परत राउटरला सांगायचं कामही त्याचंच. पुढे राउटर ते वायरीतून बाहेर धाडतो. म्हणजे कान तोच आणि तोंडही तोच.

झालं भलतंच. मॅडमचा आवाज तुटत का होईना यायचा, इकडचं तिकडे काहीच जायचं नाही. कांता म्हणाली, "ह्यांच्यासारखंच आहे गं शकू. ऐकतं, पण बोलणं पोचत नाही."

दोनदा असंच झाल्यावर मॅडमचा फोन आला. "काकू, सोमवारीही जमलं नाही तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. आणि सुरुवातीचे महिने हातचे घालवून चालत नाही हो." त्या दिवशी कांता जेवली नाही. नवऱ्याचा आवाज पुन्हा कधी ऐकायलाच मिळणार नाही, ही एकच धास्ती तिने घेतली.

रविवारी आम्ही अपेक्षाला कॉल लावून बघत होतो. घावनांचं पीठ काढायला कांताने मोठा डबा आणि परात खाली घेतली, तशी अपेक्षा म्हणाली, "आई, बाबा दिसले गं." डबा-परात जागेवर गेली आणि बाबा गायब. मी मांडणीकडे बघितलं. तिच्या बरोबर मागे, भिंतीपलीकडे, माझा राउटर. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! विटांची भिंत वाट देत होती, स्टील देत नव्हतं. राउटर सरकवावा तर वायर तेवढीच, आणि कॉम्प्युटर हलवायला खोलीत दुसरी जागा नाही.

मी एरवी तोंडाची फटकळ, पण भांडी काढ म्हणून कांताला कोणत्या तोंडाने सांगणार? रात्रभर घोळवलं आणि सकाळी एकदाचं सांगून टाकलं. भाऊ तेव्हा गॅलरीत उन्हाला बसले होते. कांता मांडणीकडे बघत उभी राहिली. मग पदर खोचला, वरचा हंडा काढला आणि म्हणाली, "धर." तिच्या मांडणीवरचं भांडं पहिल्यांदाच माझ्या हातात आलं, आणि खरं सांगते, मला ते नको होतं. पलंगाखाली, मोरीच्या कट्ट्यावर, माझ्या घरात, जागा मिळेल तिथे भांडी गेली.

वेळ झाली तशी भाऊंना आत आणून बसवलं. पडद्यावर मॅडम स्वच्छ दिसत होत्या, त्यांनाही आम्ही दिसत होतो. त्यांनी कपाचं चित्र धरलं. "काका, बोला बघू. कप."

भाऊ चित्राकडे बघतच नव्हते. ते रिकाम्या भिंतीकडे बघत होते. ओठ हलले, मान ताठ झाली.

"भां... भांडी?"

मॅडम तिकडून म्हणाल्या, "काकू, ऐकू आलं मला."

कांताने त्यांच्या गुडघ्याशी बसून त्यांचा हात धरला. तिला रडू आवरत नव्हतं आणि मलाही. "आहेत हो," ती म्हणाली. "सगळी आहेत. पलंगाखाली आहेत, शकूकडे आहेत. तुम्ही रोज विचारा, मी रोज सांगते."