सुट्टेकाकू आणि कॅशलेस सोसायटी

सुट्टेकाकूंच्या कमरेला कायम एक बटवा खोचलेला असायचा. साडी असो, पंजाबी ड्रेस असो, नाहीतर जानेवारीच्या गारठ्यात अंगावर चढवलेला काकांचा जुना कोट असो, बटवा त्या सगळ्याच्या वर, दिसेल असा. एका कप्प्यात नाणी, दुसऱ्यात दहा-वीसच्या नोटा, तिसऱ्यात पन्नास आणि शंभरच्या. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत कुणाला पाचशेची नोट मोडून हवी असली तर तो दुकानात जात नसे, काकूंच्या दारावरची बेल वाजवत असे. गेटवरचे गार्ड त्यांना ‘छुट्टेवाली आंटी’ म्हणायचे. सोसायटीत मराठी घरं जेमतेम चार, त्यांनी त्याचं सुट्टेकाकू केलं. त्यांचं खरं आडनाव मला सहा महिन्यांनी कळलं, आणि तोवर ते कुणाला लागतही नव्हतं.

मी पुण्याची. गुरुग्रामच्या एका कंपनीत नोकरीला, आणि कंपनीचं कामच मुळी फोनवरून पैसे देण्याघेण्याचं. माझ्या पर्समध्ये नोट सापडली तर ती एखाद्या लग्नातल्या पाकिटातली असायची. काकू पहिल्यांदा भेटल्या त्या भाजीच्या गाड्यापाशी. माझ्या फोनला रेंज नव्हती आणि कोथिंबिरीची जुडी हातात होती. मी फोन उंच धरून गोल गोल फिरत होते. काकू दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, दहा रुपयेसुद्धा नाहीत तुझ्याकडे?” घरातून चपला न घालता निघालेल्या मुलीला विचारावं तसं विचारलं. मग बटवा उघडून नोट काढून दिली. मी म्हटलं, “काकू, नंबर द्या, लगेच पाठवते.” तर म्हणाल्या, “पाठवू नकोस. घेऊन ये. चहा पी आणि मग दे.” मी गेले. मग जातच राहिले. परक्या शहरात मला हक्काचं घर मिळालं ते असं.

काकू जुन्या वळणाच्या होत्या असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. विजेचं बिल, गॅसचा सिलिंडर, नाशिकच्या मुलीशी व्हिडिओ कॉल, सगळं त्या स्वतः फोनवर करायच्या. काकांना मात्र त्यातलं काही यायचं नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत चाळीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते आणि आता फक्त वर्तमानपत्र वाचायचे. पण घराबाहेर, माणसाच्या हातात द्यायचा पैसा काकू हातानेच द्यायच्या. “नोट चुगली करत नाही,” असं त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. मी त्यावर हसायचे. पारदर्शक व्यवहार, चोरी नाही, सुट्ट्याची कटकट नाही, असं सगळं कंपनीतलं भाषण त्यांना ऐकवायचे. त्या शेंगा सोलत ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “बोलतेस छान गं तू.” एवढंच. माझा जीव जळायचा.

चाळीस वर्षं दिल्लीत राहूनही त्यांचं हिंदी मराठीच्याच अंगणात खेळायचं. “भैया, मेरे को ताजा वाला दो, कल का नको,” असं त्या बेधडक म्हणायच्या आणि भाजीवाला ताजीच भाजी द्यायचा. सोसायटीतल्या बायका त्यावर हसायच्या. काकूही हसायच्या, पण बोलणं सुधारायच्या नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सेक्रेटरीसाहेबांच्या मनाने घेतलं की आपली सोसायटी कॅशलेस करायची. गेटवर तसा मोठा फलक लावायचा, नगरसेवकाला बोलवून फोटो काढायचा. मी भाडेकरू, मला मत नाही, पण माझी कंपनी ठाऊक असल्यामुळे साहेबांनी मला बोलावलं. मीही हुरळून गेले. दोन रविवार खर्चून सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला स्कॅनचे फलक करून दिले. भाजीवाला, पेरूवाला, दूधवाला, आणि पार्किंगच्या कोपऱ्यात टेबल टाकून कोळशाच्या इस्त्रीने कपड्यांना इस्त्री करून देणारी कमलेश. कमलेश हे बाईचं नाव असतं हे मला दिल्लीत येऊन कळलं. तिचं खातं फोनला जोडलेलं नव्हतं, नवऱ्याचं होतं. मी म्हटलं, काय फरक पडतो, घर तर एकच. नवऱ्याच्या नंबरावर फलक करून टेबलाला चिकटवून टाकला. पाच मिनिटांचं काम.

महिन्याभराने काकूंनी मला वर बोलावलं. चहा नाही, काही नाही. “बस,” म्हणाल्या. “कमलेशच्या टेबलावर ते तू चिकटवलंस?”

“हो. का?”

“तिचा नवरा काय करतो, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. काकूंनी सांगितलं. तो दिवसभर फोनवर पैसे लावून खेळायचा. आधी निदान बायकोकडे हात पसरावा लागायचा, भांडण व्हायचं, तीही थोडं लपवून ठेवायची. आता एकेक शर्ट इथे इस्त्री झाला की पैसे तिकडे थेट त्याच्या फोनवर पडत होते, आणि ती वर बघायच्या आत गेलेले असत. कमलेशची मुलगी प्रीती बारावीला होती. तिला नर्सिंगला घालायचं म्हणून कमलेश तीन वर्षं पैसे साठवत होती. त्या महिन्यात तिच्याकडे एक रुपया जमला नव्हता.

मी घाईघाईने म्हटलं, “मग तिचं स्वतःचं खातं फोनला जोडू ना! नवा फोन घेऊन देऊ.”

काकूंनी खिडकीतून कमलेशला हाक मारली आणि मलाच तिला विचारायला लावलं. कमलेश पदराला हात पुसत दारात उभी राहिली. रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, “दीदी, फ़ोन तो वो छीन लेता है। सोती रहूँ तो अँगूठा लगवा लेता है। नोट तो कहीं भी छुपा लूँ। फ़ोन कहाँ छुपाऊँ? वो तो बजता है।”

ती गेल्यावर काकू फक्त एवढंच म्हणाल्या, “तू हुशार आहेस गं. पण विचारलं नाहीस.” मला त्या क्षणी खाली जाऊन तो फलक उचकटून टाकावासा वाटला, आणि मी खरंच गेले आणि टाकला. कमलेशने मला एक खिळा काढून दिला, कोपरा निघत नव्हता म्हणून.

पण प्रकरण माझ्या हातात राहिलं नव्हतं. जानेवारीत नोटीस लागली. येत्या रविवारच्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार होता: जो विक्रेता रोख पैसे घेईल त्याचा गेटपास रद्द. म्हणजे कमलेशने एकतर कमाई नवऱ्याच्या फोनवर सोडायची, नाहीतर टेबल उचलायचं. मी सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, “बेटा, बोर्ड तो आपने ही लगाए थे।” मी तोंड पाडून परत आले. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुरुवारी सुट्टी टाकशील? माझं हळदीकुंकू आहे.” मला वाटलं, यांना कसं सुचतं हे अशा वेळी!

काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू गच्चीवर असायचं, भर दुपारी, उन्हात. धुक्याच्या आठवड्यात ऊन पडलं की दिल्लीतली माणसं तशीही गच्चीवरच सापडतात. काकू सगळ्यांना बोलवायच्या. पंजाबी, बंगाली, मल्याळी, लग्न न झालेल्या, नवरा गेलेल्या, धुणंभांडी करणाऱ्या, सगळ्यांना. कुंकू लावताना कुणालाही काही विचारायच्या नाहीत. त्या दिवशी पन्नासेक बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या, संत्री सोलत होत्या. कमलेशही होती, जिन्याजवळ, अंग चोरून. काकूंनी तिला उठवून आणलं आणि मधोमध बसवलं. म्हणाल्या, “ये कुछ बोलेगी। बोल, मेरे को बोला वैसा बोल।”

कमलेश आधी घाबरली, मग बोलली. मला सांगितलं होतं तेच, तेवढंच. माझ्या शेजारच्या मॅडम बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्या हळूच म्हणाल्या की त्यांचा पगारही कुठे जातो हे त्यांना नवऱ्याला विचारूनच कळतं.

मग कुणीतरी म्हणालं, “लेकिन आंटी, हम क्या करें? मीटिंग में तो हस्बंड जाते हैं।”

काकू तिळगुळाचा डबा घेऊन फिरत होत्या. थांबल्या. “घर किसके नाम पे है?”

“मेरे। लेडीज़ के नाम पे स्टॅम्प ड्यूटी कम लगती है ना।”

“और तुम्हारा?” दुसरीला. तिचंही तिच्याच नावावर. तिसरीचंही. एकेक करत निम्म्याहून जास्त हात वर गेले आणि हशा उसळला. काकू हसल्या नाहीत. डबा खाली ठेवून म्हणाल्या, “तो वोट भी तुम्हारा है। इतने साल हो गए, दिया कब?”

मग सेक्रेटरीसाहेबांच्या मिसेस, ज्या कधी मोठ्याने बोलत नसत, त्यांनी विचारलं, “मीटिंग कितने बजे है?”

रविवारी अकरा वाजता क्लबहाउसमध्ये नेहमीच्या पंधरा-वीस पुरुषांसाठी मांडलेल्या खुर्च्या पुरल्या नाहीत. बायका येतच राहिल्या. शाली पांघरून, लोकरीचे मोजे घालून, एकीच्या हातात विणकाम. साहेबांनी ठराव वाचला आणि म्हणाले, “तो सब सहमत हैं।” काकू उठल्या. बटव्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आपल्या त्याच हिंदीत म्हणाल्या, “मेरे को एक बात बोलनी है। वोट मेंबर का होता है। रजिस्टर लाओ, नाम पढ़ो।”

साहेबांनी टाळायचा प्रयत्न केला. पण सोसायटीच्या उपविधीत तसंच लिहिलं होतं, आणि उपविधीचं पुस्तक काकांच्या मांडीवर उघडं होतं. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस वर्तमानपत्र बाजूला ठेवून आला होता. नावं वाचायला सुरुवात झाली. एकेका घराचं नाव निघालं की एकेक नवरा खाली बसायचा आणि एकेक बायको उभी राहायची. सेक्रेटरीसाहेबांचा फ्लॅट आला. सभासद म्हणून त्यांच्या मिसेसचं नाव निघालं. साहेबांनी नाव वाचलं आणि मान वर केली, तेव्हा त्या तिसऱ्या ओळीत उभ्या होत्या.

काकूंनी कमलेशच्या घरची एकही गोष्ट त्या सभेत काढली नाही. फक्त म्हणाल्या, “जिसको फोन पे चाहिए उसको फोन पे दो। जिसको हाथ में चाहिए उसको हाथ में दो। जो कमाता है वो बोलेगा, हम नहीं।” पेरूवाल्याला खिसेकापूंची भीती होती, त्याला फोनच हवा होता. त्याचाही मान राहिला. हात वर झाले तेव्हा मोजायची वेळच आली नाही. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, मत नसलेली, आणि टाळ्या सगळ्यांत आधी मी वाजवल्या. गेटवरचा तो फलक छापून आला होता, तो पुढे माळ्याने रोपांवर सावली धरायला वापरला. कमलेशचं टेबल जागेवरच राहिलं.

त्यानंतर ऑफिसमध्ये मी जरा त्रासदायक झाले आहे. नवं काही दाखवायला कुणी आलं की मी विचारते, हे वापरणाऱ्या बाईशी कुणी बोललंय का? लोक नाकं मुरडतात. मुरडू देत.

जूनमध्ये काका-काकूंनी नाशिकला मुलीकडे जायचं ठरवलं. काकांचे गुडघे तिसरा मजला मानत नव्हते. खोक्यांनी घर भरलं होतं, आणि मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते. ते काही जमलं नाही. काकूंनी मला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, “पुरे. जा, तुझा लॅपटॉप घेऊन ये. काम आहे.”

दारात कमलेश होती आणि तिच्यामागे प्रीती. प्रीतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पण कॉलेज रोख पैसे घेत नव्हतं, फी फक्त ऑनलाइन. मला वाटलं काकू आता कॉलेजवर चालून जातील. त्या हसल्या. “हाथ में था, इसलिए तो बचा,” कमलेशला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, “आता तुझं यंत्र चालव.” कमलेशने नोटांचं पुडकं माझ्या हातात दिलं. मी माझ्या खात्यातून फी भरायला घेतली. फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता, फी भरणाऱ्याचं नाव. प्रीतीच्या कागदांवर वडिलांचं नाव होतं, मी सवयीने तेच टाइप करायला लागले. काकूंनी माझं मनगट धरलं. “विचार तिला,” म्हणाल्या.

मी विचारलं. कमलेश आधी मुलीकडे बघत राहिली, मग म्हणाली, “मेरा लिख दो।”

मी खाली जाऊन दुकानातून पावती छापून आणली. कमलेशने ती दोन्ही हातांत धरली. तिला वाचता येत नव्हतं. “इसमें मैं कहाँ हूँ?” तिने विचारलं. काकूंनी तिचं बोट हातात घेतलं, इस्त्रीने भाजून भाजून कडक झालेलं, आणि कागदावरच्या त्या ओळीवर नेऊन ठेवलं.