कार्त्यायनीअम्मांचं पथ्य

कार्त्यायनीअम्मा संतापली की आधी कमरेचा मुंडू खोचते, मग तोंड सोडते. त्या सकाळी तिनं मुंडू दोनदा खोचला.

"दोन केमो बुडवले? आणि मला आज सांगतोस, सुगता?"

रिक्षावाला सुगतन अंगणात मान खाली घालून उभा. "अम्मा, बायकोला पथ्य तुम्हीच तर सांगितलं होतंत."

खरं होतं ते. गेल्या महिन्यात केमोनं त्याच्या बायकोचं, प्रसन्नाचं तोंड आलं, पेजसुद्धा गिळवेना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून अम्मानं गुळण्यांचा काढा दिला आणि जाता जाता सवयीनं म्हणाली, "पथ्य सांभाळ हो." तिच्या मनात होतं, तिखट-लोणचं नको. पण त्या खाडीकाठी वैद्याच्या तोंडचं पथ्य म्हणजे एकेचाळीस दिवस! मासा नाही, अंडं नाही, वारा नाही, ऊन नाही आणि प्रवास तर मुळीच नाही. सुगतनची रिक्षा दारात, पण त्या भल्या माणसानं बायकोला तिच्यात पाऊल ठेवू दिलं नाही.

पन्नास वर्षं अम्मानं वडिलांची वैद्यकी चालवली. कुणा बाईला तपासताना हाताला गाठ लागली की ती तिला तिथल्या तिथं उठवायची. "हे माझ्या हातातलं नाही. शहरात पळ!" कॅन्सर बरा करतो म्हणून पुड्या विकणाऱ्या एकाला तिनं केरसुणी घेऊन फाटकाबाहेर काढला होता. आता त्याच्याच पंगतीला आपलं पान! कुणावर ओरडायचं? सुगतनवर ओरडली, कोंबड्यांवर ओरडली, डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि सुगतनच्याच रिक्षात बसून त्याच्या घरी गेली.

खिडक्या लावलेल्या. प्रसन्नाची नुसती हाडं उरली होती.

"ऊठ. डॉक्टरीणबाईंनी अकराला बोलावलंय."

"आज चौतिसावा दिवस, अम्मा. सातच राहिले. आता मोडलं तर सगळं पाण्यात जाईल."

"मी सांगतेय ना!"

"पथ्याचंही तुम्हीच सांगितलंत."

अम्मा तरातरा स्वयंपाकघरात गेली. सुगतनसाठी केलेलं तारल्यांचं कालवण चुलीवर होतं. काटे काढून, भात कालवून तिनं घास प्रसन्नाच्या तोंडाशी धरला. प्रसन्नानं ओठ मिटले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"मग तुमचं औषध लागायचं नाही ना, अम्मा."

"खड्ड्यात गेलं माझं औषध!" अम्मा ओरडली, आणि तिचाच आवाज फाटला. "तिकडचं लागू दे, बये. खा!"

प्रसन्नानं घास घेतला. मग दुसरा. मग ताटलीच ओढून घेतली.

इस्पितळात डॉक्टरीणबाई कागद चाळत तडकल्या, "मध्येच कुणी थांबवलं हे?"

"गावातलं कुणीतरी..." सुगतन चाचरला.

"कुणीतरी काय? मी!" अम्मा म्हणाली. "वैद्य कार्त्यायनी. नाव लिहा तिथं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं नाही. रक्त तपासलं, प्रसन्नाला आत नेलं, मग बाहेर येऊन म्हणाल्या, "आज देतोय औषध. पण गाठ वाढलीये. या महिन्याचं किती नुकसान झालं, ते आत्ता नाही सांगता येत."

परतताना प्रसन्ना रिक्षात अम्माच्या खांद्यावर डोकं टेकून होती. पेंगुळल्या आवाजात तिनं विचारलं, "आता पथ्य काय, अम्मा?"

अम्मानं तोंड उघडलं, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिला शब्दाची भीती वाटली.

"डॉक्टरीणबाईंना विचारू," ती म्हणाली.