वकीलबाईंची घाई

वकीलबाई काही वकील नव्हत्या. टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांचे कान किटले होते. निवृत्त झाल्यावर शहाण्या माणसाने जे करू नये तेच त्यांनी केलं: वृद्धाश्रमात जाऊन फुकट तक्रारी ऐकू लागल्या. अंथरुणाला खिळलेल्यांनी सांगायचं आणि बाईंनी मेट्रनच्या मागे लागायचं, असं ते काम. सांगणाऱ्याचं नाव मात्र त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. त्यासाठी त्यांची एक रीत होती. प्रत्येक खाटेपाशी त्या सारखाच वेळ बसायच्या, अगदी ठार बहिऱ्या आजींपाशीसुद्धा. कोण बोललं ते ब्रह्मदेवालाही कळू नये!

शेवटच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सगळे कप्तान म्हणत. त्याने जन्मात जहाजावर पाय ठेवला नव्हता; तो पंप दुरुस्त करायचा. हे नाव पन्नाशीच्या वॉर्डबॉयने ठेवलेलं. तोच त्याची दाढी करायचा, "काय कप्तान, आज कुठलं बंदर?" म्हणून टर उडवायचा, आणि कप्तान साबणाच्या फेसातून खो खो हसायचा. एरवी त्याच्याकडे कुणी फिरकायचंसुद्धा नाही.

पण हाच वॉर्डबॉय चादर बदलताना घंटीचं बटण भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि तिथेच विसरायचा. कप्तानाचं अर्धं अंग लुळं. हात पोचायचा नाही, अंथरूण ओलं व्हायचं.

"त्याला काही बोलू नका हो," तो बाईंना म्हणाला. "घंटी तेवढी खाली राहू दे."

बाईंनी मेट्रनला सगळ्याच खाटांच्या घंट्यांबद्दल सांगितलं. नाव घेतलं नाही. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या दिवशी घरी लेक-जावई यायचे होते आणि बाईंचा जीव घराकडे लागलेला. मेट्रनच्या खोलीतून निघाल्या त्या तडक कप्तानापाशी गेल्या, "झालं बरं का काम," म्हणाल्या आणि बाकीच्या खाटांकडे ढुंकूनही न बघता चालत्या झाल्या. वॉर्डबॉय दारातच उभा होता.

पुढच्या खेपेला आल्या तर घंटी उशाशी, चादर कोरडी, दाढी गुळगुळीत. वॉर्डबॉय सगळं नियमाने करत होता. "सरका. वळा. झालं." यापलीकडे चकार शब्द नाही. कप्तान म्हणणंही बंद.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वॉर्डबॉयला मोरीपाशी गाठलं. "चूक माझी आहे. त्यांच्यावर राग धरू नका."

"राग कसला, बाई? इतकी वर्षं त्यांचं सगळं करतो मी. मला एका शब्दाने सांगायचं होतं. थेट मेट्रनकडे?"

"तुम्ही दुरावाल म्हणून घाबरले ते."

त्याने बादली उचलली आणि तो निघून गेला.

बाई परत आल्या तेव्हा कप्तान छताकडे बघत पडला होता. "बाई, तक्रार मागे घेता येते का हो?" त्याने विचारलं. "घंटी पुन्हा वर टांगायला सांगा. मला चालेल."

  बाईंनी स्टूल ओढलं. "आज मी इथेच बसते, तुमच्यापाशी."

कप्तानाने दाराकडे पाहिलं. वॉर्डबॉय चादरींचा गठ्ठा घेऊन येत होता.

"नको, नको. उठा तुम्ही," तो कुजबुजला. "बाकीच्यांपाशी बसा. माझ्यापाशी फार वेळ दिसू नका."

बाई उठल्या आणि बहिऱ्या आजींच्या खाटेवर टेकल्या. आजींनी नेहमीसारखा त्यांचा हात हातात घेतला. आपण काय करून बसलो, ते सगळं बाईंनी त्यांना सांगून टाकलं.