काचेत न दिसलेलं कलम

बांधायच्या घरांची कॉम्प्युटरवर चित्रं करायची, या आमच्या कामात एक सवय आहे. चित्रात जे दिसणार नाही ते बनवायचं नाही. घर समोरून दाखवायचं असेल तर बघणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे, ते कोण विचारतंय? पण काचेला प्रतिबिंबासाठी पाठीमागचं लागतं. समोर काहीच नसलं की खिडक्या काळ्याकुट्ट येतात, डांबर फासल्यासारख्या. म्हणून इंटरनेटवरचं एखादं तयार आभाळ घराभोवती गुंडाळायचं. काच लगेच खरी वाटायला लागते.

दाभोळच्या एका नव्या घराला मी असंच आभाळ लावलं. त्याच्या खालच्या कडेला मोकळं मैदान होतं, आमच्या जालन्याकडच्या माळासारखं. मला ते बरं वाटलं. आमच्या आर्किटेक्ट मॅडम म्हणाल्या, काच छान जमलीय, आणि मी दिवसभर हवेत.

नववीत शाळा सोडलेला मी. लोट्याला कंपनीत पोती भरायला आलो आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत हे शिकलो. रत्नागिरीतल्या ऑफिसात मॅडमनी खुर्ची दिली तेव्हा मार्कशीट मागितली नाही. तेव्हापासून काही चुकलं की मनात तेच येतं, आता मागतील.

चित्र बघायला घराचे मालक, काका, आणि त्यांचा मुलगा आले. काका जन्मभर बोटीवर, मुलगा मुंबईत नोकरीला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं. रंग बघितला नाही, कौलं बघितली नाहीत. खिडकीच्या काचेतल्या मैदानावर बोट ठेवलं.

"समोरचं कलम कुठे गेलं?"

मग ते मुलाकडे वळले. "गाडी लावायला जागा केलीस होय? तोंडाने सांगवत नाय, म्हणून चित्रात दाखवतोस?"

मुलगा शपथा घेऊ लागला. गाडीसाठी ते आंब्याचं झाड काढायचं त्याने पूर्वी एकदा सुचवलं होतं, त्यावरून दोघांत अबोला झाला होता आणि विषय कसाबसा मिटला होता, हे तिथेच कळलं. काका म्हणाले, मग नको मला नवं घर, आहे त्यातच मरेन.

कलम कुणीच तोडलं नव्हतं. मी ते कधी बघितलंच नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "काका, चूक आमची. जागा न बघता चित्र केलं."

आमची, म्हणाल्या. माझे कान तापले.

"काका, ते माझं काम," मी म्हटलं. "नेटवरचं आभाळ आहे. दादांनी काही सांगितलेलं नाही."

काकांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं. "कुठला रे तू?"

"जालन्याचा."

"मग तुला काय ठाऊक," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला जागेवर पाठवलं. खिडकी येणार तिथे उभं राहून मी बाहेरचे फोटो काढायला लागलो. कलम चांगलं डेरेदार, फांद्या हाताला येतील इतक्या खाली. काका त्याखाली जाऊन उभे राहिले, टोपी सारखी केली आणि विचारलं, इथे राहिलो तर काचेत येईन का? आमच्या कामात मध्ये माणूस आला की फोटो वाया जातो.

"याल," मी म्हटलं.

मुलगा गाडीपाशी घुटमळत होता. काकांनी त्याला हाक मारली. "ये इकडे. नायतर हा पोरगा तुला पण गायब करील."

तो हसत आला आणि बापाशेजारी उभा राहिला. मी मोबाईल डोळ्यांसमोर धरूनच ठेवला. फोटो कधीच निघाला होता.