पोळ्याचं कार्ड

७ सप्टेंबर १९६८, शनिवार. मुंबईहून आलेलं ऑगस्टचं पगारपत्रक आणि आम्ही हाताने केलेलं पत्रक यांत त्र्याण्णव रुपयांचा फरक निघाला.

अकोल्याच्या आमच्या कापडगिरणीचा पगार त्या महिन्यात पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाला होता. मशीन मुंबईचं, भाड्याचं. पण त्याला चालवणारा प्रोग्राम लिहिला होता पगारखात्यात माझ्या हाताखाली असलेल्या धर्मपाल वानखडेने. मॅनेजर भगवंतरावांनी आधीच बजावलं होतं, "दोन्ही पत्रकं जुळली तर धर्मपाल प्रोग्रामर. नाही जुळली तर कॉम्प्युटर बंद आणि हा पुन्हा हजेरीच्या टेबलावर."

धर्मपालचे वडील बुधाजी आमच्याच गोदामात गाठी उचलत. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी मुलाचं जुनं नाव बदललं आणि नव्या नावाने त्याला हायस्कुलात घातलं. पुढे अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन, शिकवण्या करून तो बी. कॉम. झाला. मोठ्याने हसणारा मुलगा. शिकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. गिरणीने त्याला सहा महिने मुंबईला हे काम शिकायला पाठवलं, आणि तिथून परत आल्या आल्या त्याने मला जठारपेठेत चहाला नेलं.

"काय रे, त्या मशीनला कळतं तरी काय?" मी विचारलं.

"फक्त आकडे, साहेब. पहिले लोक हुकूमही आकड्यांतच लिहायचे. एक आकडा चुकला की दिवस गेला. मग आकड्यांच्या जागी छोट्या खुणा आल्या. मग कोणी तरी म्हणालं, माणसानं मशीनसारखं काहून बोलावं? आपण शब्दांत लिहू, आणि त्याचे आकडे करायचं काम मशीनलेच देऊ."

"म्हणजे दुभाष्याही मशीनच?"

"हो न! अन् भाषाही कामापरमाणं. इंजिनियर लोकांची सूत्रांची भाषा फोरट्रान. आपली व्यापाराची कोबोल. 'मजुरीत भत्ता मिळवा' असं जवळपास साध्या इंग्रजीत लिहायचं. तुमाले वाचता येईल, पाहा."

त्याने कागद पुढे केला आणि खरंच मला वाचता आला. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला तपासता यावं, यासाठीच ही खटपट असेल, तर कॉमर्सवाल्याला ती पटायला वेळ लागत नाही.

आता मात्र तपासणीत फरक निघाला होता. नावं ताडून पाहिली. एकतीस गाडीवान आणि प्रत्येकाचे तीन रुपये कमी. गाडीवानांचे मुकादम नत्थुजी तेव्हा ऑफिसातच पावतीसाठी उभे होते.

"कोन्या दिवसाचे कापले?" त्यांनी विचारलं.

"तेवीस तारीख," मी म्हणालो, आणि आम्हा तिघांच्याही एकदम ध्यानात आलं. पोळा!

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून गाडीवान येत नाहीत. दरवान गैरहजेरी लावतो आणि पगारखातं तरीही त्या दिवसाची पूर्ण मजुरी देतं. मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून असंच चालत आलं आहे. लिहून कोणीच ठेवलेलं नाही. धर्मपालने दोन महिने फिरून ओव्हरटाइम, उचल, दंड यांचे सगळे नियम विचारले होते. पोळ्याचं कोणी सांगितलं नाही आणि इथेच वाढलेल्या त्यानेही विचारलं नाही. मुंबईचा माणूस असता तर त्याने पहिलं हेच विचारलं असतं, की एकाच दिवशी सगळे गाडीवान गेले कुठे?

"काहून रे धर्मपाल," नत्थुजी म्हणाले, "मुंबईले जाऊन पोळा इसरला काय?"

"इसरलो नाई, काका. सांगाचंच राह्यलं."

"कोनाले?"

"मशीनले."

"त्याच्या घरी बैल नाई वाट्टे!"

धर्मपाल हसला आणि लगेच कागद ओढून बसला. गाडीवान असेल आणि दिवस पोळ्याचा असेल तर हजर धरा, एवढंच लिहायचं होतं. पण पोळा अमावास्येला. दरसाल तारीख निराळी, आणि अमावास्या मशीनला ठाऊक नाही. म्हणून तारीख त्याने प्रोग्रामच्या बाहेर ठेवली. दरवर्षी त्या तारखेचं एक वेगळं कार्ड पंच करून, म्हणजे भोकं पाडून, मशीनला द्यायचं.

"तारीख तुमी सांगाची, काका."

"मंग मशीनचा मुकादमबी मीच झालो न बाप्पा!"

पगार गुरुवारी वाटायचा होता. मुंबईला जाऊन पत्रक पुन्हा काढून आणायला भगवंतरावांनी तेवढी मुदत दिली, पण म्हणाले, "गाडीभाडं गिरणी देणार नाही. चूक तुझी, तिकीट तुझं." पगाराआधी कारकुनाच्या खिशात काय असणार? नत्थुजींनी धोतराच्या कनवटीतून वीस रुपये काढून दिले.

रविवारच्या मेलने धर्मपाल गेला आणि बुधवारी सकाळी नवं पत्रक घेऊन, तोंडही न धुता, माझ्यासमोर येऊन बसला. मी बेरजा दोनदा घेतल्या. पैशाला पैसा जुळला. भगवंतरावांनी पत्रक हातात घेतलं, गाडीवानांची पानं तेवढी पाहिली आणि म्हणाले, "प्रोग्रामरला वेगळी खुर्ची लागेल. मागवा."

वर्ष उलटलं. यंदा श्रावण लागताच नत्थुजी पोळ्याची तारीख सांगायला आले. "आत्ताच लिवा, नाईतर माह्या बैलालेबी गैरहजर लावसान."

विसांपैकी अठरा रुपये धर्मपालने परत केले आहेत. दोन रुपये द्यायचे राहिले आहेत.