पीठ की हात

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीलाही नाही. आमच्या चर्चमध्ये पाळकांच्या कानात कबुली द्यायची पद्धत नाही, त्यामुळे तीही सोय नव्हती! तुम्हाला मात्र सांगते. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून सोपं जाईल — असं वाटतंय खरं.

आधी हे ऐका की माझं छान चाललं आहे. राहुरीत घर आहे, मागे लिंबाचं झाड आहे, निवृत्त झालेला नवरा सकाळचा चहा करून देतो. रडगाणं गायला मी बसलेले नाही. आणि नव्वदच्या दशकातली ती वर्षं तर फारच मजेची होती. अन्नशास्त्राची पदवी घेऊन मी मनमाड रस्त्यावरच्या एका बियाणं कंपनीत लागले. घरी भाकरी करायचा मला कंटाळा, आणि नोकरी कसली — तर भाकऱ्या तपासायची!

कंपनीने ज्वारीचं नवं वाण काढलं होतं. कणसं अशी भरगच्च, की बघत राहावं. नेहमीच्या शाळू ज्वारीच्या जागी हेच पेरा, असं शेतकऱ्यांना सांगायचं होतं. पण आपल्याकडे ज्वारी म्हणजे भाकरी. ती जमते का हे बघायला मी कोल्हारच्या लंकाबाईंना बोलावलं. लग्नात, जत्रेत भाकऱ्या थापायला पहिला निरोप त्यांना जायचा. नवरा लवकर गेलेला, जमीन नाही. गावात त्यांना मान होता तो या हाताचा.

त्या दिवशी चूल तीच, तवा तोच, पाणीही तेच. लंकाबाईंनी आधी शाळूच्या भाकऱ्या केल्या. टम्म फुगल्या. मग नव्या ज्वारीच्या करायला घेतल्या, तर परातीतच चिरा पडू लागल्या. उचलायला जावं तर भाकरी मोडून हातात यायची. पुन्हा मळलं, पुन्हा तेच. पीठ जुनं होऊन विरी गेली म्हणावं, तर सकाळीच दळून आणलेलं. त्या ज्वारीलाच चिकटपणा नव्हता. हे कळायला पदवी कशाला हवी? शाळूच्या भाकऱ्या शेजारीच होत्या.

तेवढ्यात साहेब आले. वाईट माणूस नव्हता हो — सणाला सगळ्यांना मिठाई द्यायचा. पण बियाणं पिशव्यांत भरून तयार होतं, दुकानदार घाई करत होते, पेरणी तोंडावर आली होती. मोडक्या भाकरीकडे बघून ते हसले. “आमच्या घरीपण असंच. भाकरी मोडली की बायको पिठाला नावं ठेवते.” सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुम्ही सांगा. पीठ की हात?”

मला कुणी धमकावलं नव्हतं. पाकीट पुढे केलं नव्हतं. मला फक्त नोकरीत कायम व्हायचं होतं. आणि — खरं सांगू? — उत्तर तोंडात आयतंच होतं. लहानपणापासून आई, आत्या हेच ऐकवत आल्या. भाकरी मोडली तर चूक बाईची. ज्वारीची कधी असते का? तेच मी शास्त्राच्या नावाने सांगितलं, तर हरकत कोण घेणार?

मी म्हणाले, “हात.”

लंकाबाई समोरच बसल्या होत्या. “पानी कमी पडलं व्हय, म्याडम?” एवढंच त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणली. तिला पिठात उकळतं पाणी घालायला लावलं — तसं केलं की कसलंही पीठ धरतं. वाण पास झालं. शाळूच्या भाकऱ्यांचा विषयच निघाला नाही. कसा निघणार? तो पुरावा आम्ही सगळ्यांनी मिळून पिठल्याबरोबर खाऊन टाकला होता. मला कायम केलं. मी पेढे वाटले, आणि मनापासून खूश होते.

वाण काही टिकलं नाही. घरोघरी भाकऱ्या मोडल्या — किती सुनांनी बोलणी खाल्ली असतील? पुढच्या वर्षी लोक पुन्हा शाळूकडे वळले आणि साहेब सूर्यफुलाकडे. झालं, मिटलं, असं मी धरून चालले.

मग एकदा कोल्हारच्या बाजारात लंकाबाई भेटल्या. मला ओढतच घरी जेवायला नेलं. चुलीपाशी त्यांची सून बसली होती. आज तुमच्या हातची नाही का, असं मी सहज विचारलं.

“मी न्हाई थापत आता. जत्रंलाबी जात न्हाई. तुमीच सांगितलं हुतं न्हवं, हात बरूबर न्हाई म्हनून? शिकल्याली मानसं तुमी, तुमाला कळतं.”

रागाने नाही हो. आपुलकीने म्हणाल्या, वर ताटात लोण्याचा गोळा वाढला.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. वाण बंद पडलेलं, नोकरी पक्की. माझं काय जाणार होतं? त्या दोघींच्या नजरेतून मी उतरले असते, इतकंच. तेवढंही मला नको होतं. मी सुनेचं कौतुक केलं, दोन भाकऱ्या खाल्ल्या — चवीने खाल्ल्या — आणि एसटी धरून घरी आले.

लंकाबाई आता नाहीत. शेवटपर्यंत त्या परातीला बसल्या नाहीत, असं सुनेकडून कळलं. हात त्यांचा चांगला होता, आणि मला ते त्या पहिल्या भाकरीपासून माहीत होतं.