विजेता नसलेली वर्षं

ऑफिसातले किस्से कपाटामागच्या धुळीसारखे असतात. रोज दिसत नाहीत, कपाट हलवलं की ढीग सापडतो. आमचं तर कपाटच उचलून नेलं, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही.

अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्या कंपनीत आम्ही तिघं एका टेबलाशी बसायचो. जुन्या खेळांचे निकाल शोधायचे, तपासायचे आणि डेटाबेसमध्ये भरायचे, हे काम. आमच्या वाट्याला स्पीड स्केटिंग आलं, तेही अगदी सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं. मी नागपूरची, समीर पुण्याचा. आम्हा दोघांचा बर्फाशी संबंध गोळ्यापुरता. तिसरा विम. सत्तरी उलटलेला, हॉलंडमध्ये जन्मलेला, इथल्या शाळेत जर्मन शिकवून रिटायर झालेला. जुनी डच आणि जर्मन वर्तमानपत्रं वाचायला त्याला पार्ट-टाइम ठेवला होता. समीर त्याला विमकाका म्हणायचा. काका म्हणजे काय ते कळल्यावर विम म्हणाला, "चालेल. मला पुतण्या नाही."

*

त्या काळचा नियम असा होता: चार शर्यती, पाचशे मीटरपासून दहा हजारांपर्यंत. त्यातल्या तीन जिंकल्या तरच वर्ल्ड चॅम्पियन. कुणालाच तीन जमल्या नाहीत तर त्या वर्षी चॅम्पियनच नाही. असं एकदा नाही, बरेचदा झालं.

आमची सिस्टिम मात्र विजेत्याचा रकाना रिकामा ठेवू देईना. सेव्ह केलं की लाल चौकट यायची. शेवटी आमची मॅनेजर लिंडा हिला सांगितलं.

"कुणीतरी जिंकलंच असेल ना?" ती म्हणाली. "नाहीतर सगळे एवढ्या लांब कशाला आले होते?"

"हरायला," विम शांतपणे म्हणाला.

लिंडाने ते मीटिंगच्या नोट्समध्ये लिहून घेतलं.

*

एकदा विमने एक बातमी वाचून दाखवली. तेव्हा सगळं उघड्यावर, गोठलेल्या पाण्यावर चालायचं. स्केटर लोक बोटीने, रेल्वेने, दोन-दोन देश ओलांडून आले. आले त्याच दिवशी हवा उबदार झाली. रोज सकाळी सगळे काठावर जाऊन बर्फ बघायचे आणि हॉटेलात परत यायचे. चौथ्या दिवशी पाऊस लागला.

मी ते घरी जेवताना सांगितलं. माझी मुलगी इरा इथेच जन्मलेली, कॉलेजला सुट्टी होती म्हणून घरी आली होती.

"सो दे जस्ट वेंट होम?"

"हो."

"अँड यू गेट पेड फॉर धिस, आई?"

"सध्या तरी," मी म्हटलं.

त्या 'सध्या'वर नवऱ्याने ताटातून मान वर केली. ऑफिसात काय चाललंय हे मी त्याला तोवर सांगितलं नव्हतं.

*

समीरला नोकरीवरून काढल्याची ईमेल मंगळवारी सकाळी आली. बारा वाजता लॅपटॉप लॉक होणार, असं तीत लिहिलं होतं. त्याची बायको मृण्मयी तेव्हा सातव्या महिन्यात होती. व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा.

मी त्याला म्हटलं, "ऊठ, मृण्मयीला फोन कर."

"करतो ताई. हा एवढा माणूस भरून घेतो."

तो दहा हजार मीटरची एक शर्यत भरत होता. त्यातला एक जण अर्ध्यात पडला, उठला आणि शेवटच्या नंबरावर का होईना, शर्यत पुरी करून आला. समीरने त्याची एकेक फेरी भरली, सेव्ह दाबलं आणि स्क्रीन काळी झाली.

साठ दिवसांत त्याला काही मिळालं नाही. मार्केटच तसं होतं, यार, काय करणार. निघताना त्याने एअरपोर्टवरून फोन केला. सामानाचं बोलला, मृण्मयीच्या पायांच्या सुजेचं बोलला. मग म्हणाला, "ताई, तो दहा हजारवाला सेव्ह झाला होता का?"

मी त्याच दिवशी पाहिलं होतं. झाला नव्हता. मी पुन्हा भरायला गेले तर त्या वर्षाच्या एंट्री बंद केलेल्या होत्या.

"झाला होता," मी म्हटलं.

"चला, एक काम तर झालं," तो म्हणाला.

*

समीर गेल्यावर विमच्या आकड्यांत चुका निघायला लागल्या. तिनाचे आठ, एकाचे सात. एकदा तर शेवटून दुसरा आलेला माणूस पहिल्याच्याही आधी पोचला होता. मी त्याला विचारलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. मान तिरकी केली की थोडंफार."

"कधीपासून?"

"वर्षभर झालं. समीरला माहीत होतं. तो रोज घरी जायच्या आधी माझं सगळं तपासून दुरुस्त करायचा."

त्या वर्षभरात मी त्यांच्या शेजारीच बसत होते.

मग मी पानं मोठी करून त्याला एकेक अक्षर वाचून दाखवायला लागले. डच मला कळत नव्हतं, अक्षरं कळत होती. तो अर्थ सांगायचा, मी भरायचे. दिवसाला अर्धं पान होई. आम्ही कोणासाठी भरतोय हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. महिन्याभरात लिंडालाही काढलं आणि आम्हाला सांगायलाच कुणी उरलं नाही.

*

शेवटी एचआरची मीटिंग लागली. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, व्हिडिओवर, एकेकट्याने. खोलीत दुसरं कुणी बसायचं नाही, हे ईमेलमध्ये ठळक अक्षरांत होतं. विमला जॉइनचं बटण दिसेना, म्हणून मी त्याच्या शेजारी, कॅमेऱ्यात येणार नाही अशी खुर्ची ओढून बसले आणि क्लिक केलं. माझी मीटिंग त्याच्यानंतरची होती.

पलीकडची मुलगी इराच्याच वयाची असावी. ती कागदावरचं वाचत होती आणि तिचा आवाज बसला होता. आमच्या आधी तिने किती जणांना तेच वाचून दाखवलं होतं, कोण जाणे.

"सुरू करण्याआधी एक विचारायचंय," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत आत्ता आणखी कुणी आहे का?"

माझा हात माऊसवर तसाच राहिला.

विमने मान तिरकी केली, माझ्या बाजूला वळवली आणि बराच वेळ बघत राहिला.

"मला तरी कुणी दिसत नाही," तो म्हणाला.